चिंची चेटकीण आमच्या घरी

गेल्या महिन्यात माझी भाची शाळेतून धावतच घरी आली. दप्तर दारातच टाकलं, पाणी प्यायलं नाही, आणि थेट अम्मींच्या पलंगावर चढून म्हणाली, "दादी, मला मेन काम मिळालं! मी चेटकीण!"

ती सहावीत आहे, मराठी शाळेत. गॅदरिंगमध्ये त्यांच्या वर्गाने 'अलबत्या गलबत्या' या नाटकातला एक प्रवेश बसवायचं ठरवलंय आणि त्यातली चिंची चेटकीण आमच्या हिच्या वाट्याला आली. कारण काय, तर वर्गात हिच्याइतकं मोठ्याने कुणाला हसता येत नाही. हे कारण खरं आहे. तिचं हसणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

रात्री माझा धाकटा भाऊ दुकान बंद करून आला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जेवताना त्याला बातमी कळली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "उद्या बाईंना सांग, दुसरं काहीतरी द्या. आपल्या घरातली मुलगी जादूटोणा करणारी होणार नाही." (आमच्या घरात हिंदी-उर्दूची सरमिसळ चालते, गोंदियात ती सगळ्यांच्याच घरी चालते. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे.)

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी मराठी शिकवते, त्यामुळे मराठीच्या बाजूने भांडायचं काम घरात नेहमी माझ्याकडे येतं. मी त्या रात्री काही बोलले नाही. जेवणाच्या ताटावर वाद घालायचा नाही, हा अब्बांनी घालून दिलेला नियम आहे आणि ते गेल्यावरही आम्ही तो मोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी विषय पुन्हा निघाला तो अम्मींनी काढला. त्या म्हणाल्या, "तू लहान होतास तेव्हा तुला मी काय ऐकवायचे? जिन, परी, उडता गालिचा. तेव्हा तुला कुणी गुनहगार म्हटलं नाही." भाऊ हसला. त्याला आठवत होतं. अम्मींचा जिन दिव्यातून निघायचा नाही, आमच्या घरातल्या पितळी बदन्यातून निघायचा, आणि वजूच्या वेळी आम्ही दोघं बदना हलवून पाहायचो.

या गोष्टी काही फक्त आपल्या घरांत राहिल्या नाहीत. अकबर बादशहाने अमीर हमझाच्या दास्तानीसाठी सुमारे 1400 मोठी चित्रं काढून घेतली, त्या कामाला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने हीच दास्तान तिच्या तिलिस्मांसकट 46 खंडांत छापली. आणि मराठीत? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अलिफ लैला मराठीत आणायला घेतली, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने, आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम पुढे नेलं. म्हणजे पुण्याच्या वाड्यातली मुलं आणि आमच्यासारख्यांच्या घरातली मुलं एकाच सिंदबादच्या जहाजावर बसत होती, फक्त भाषा वेगळी होती.

मी भावाला एवढंच म्हटलं की जादू करणं वेगळं आणि जादूची गोष्ट ऐकणं वेगळं. त्यापुढे मी गेले नाही. मी आलिमा नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारावं, माझ्या स्तंभाला नाही.

मग भावाने विचारलं, "हे लिहिलं कुणी?"

त्याचं उत्तर मला नीट द्यायचं होतं. कारण भाचीच्या हातात शाळेने दिलेली जी चार पानांची झेरॉक्स होती, तिच्यावर लेखकाचं नावच नव्हतं. मुलांच्या गोष्टींचं नेहमी असंच होतं. गोष्ट राहते, लिहिणारा पुसला जातो.

लिहिणारे होते रत्नाकर मतकरी. जन्म मुंबईचा, 17 नोव्हेंबर 1938. पहिली एकांकिका 'वेडी माणसं' मुंबई आकाशवाणीवर 1955 साली सादर झाली, तेव्हा ते पुरते सतरा वर्षांचेही नसतील. पुढे बँक ऑफ इंडियात नोकरी लागली. ती त्यांनी सुमारे वीस वर्षं केली, 1978 पर्यंत. दिवसा बँकेतली खाती आणि बाकीच्या वेळात राक्षस, राजकन्या, चेटकीण. माझ्या भावाला हे फार आवडलं. दिवसभर पंक्चर काढून रात्री मुलीचा अभ्यास घेणाऱ्या माणसाला असा लेखक लगेच आपला वाटतो.

मुलांसाठी नाटक म्हणजे तोवर बहुतेक शाळेच्या गॅदरिंगचा मामला असायचा. 1959 साली सुधा करमरकर यांनी मुंबईत 'लिटल थिएटर' ही बालरंगभूमी सुरू केली. त्या अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचं काम पाहून, शिकून आल्या होत्या. मोठ्यांच्या नाटकाला असतात तसे पडदे, दिवे, कपडे, संगीत, सगळं मुलांच्या नाटकालाही हवं, असा त्यांचा आग्रह. त्यांचं पहिलं नाटक 'मधुमंजिरी', आणि ते लिहिलं होतं मतकरींनी. वय वीस-एकवीस. तीन वर्षांनी, 1962 मध्ये, मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि जवळजवळ तीस वर्षं ती पदरमोड करून चालवली.

हा 'पदरमोड' शब्द मी भावाला दोनदा सांगितला. मोठ्यांच्या नाटकाला तिकीट लावता येतं. मुलांच्या नाटकाला तिकीट किती लावणार? एका मुलामागे आई येते, बाप येतो, कडेवरचं धाकटं येतं. त्यात प्रयोग दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत. वर्षातले उरलेले महिने राक्षसाचे कपडे पेटीत. संस्थेचं काम पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या सोबतीने चाललं. त्या स्वतः अभिनेत्री. ज्यांना या खटपटीत रस असेल त्यांनी मतकरींचं 'माझे रंगप्रयोग' हे जाडजूड पुस्तक ग्रंथालयात शोधावं.

त्यांच्या बालनाट्यांची नावं वाचली तरी मुलं ओठ हलवायला लागतात. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाटगावची अफाट मावशी', 'राजकन्येची सावली हरवली', 'गाणारी मैना'. मी वर्गात ही नावं नुसती फळ्यावर लिहिली होती. पाच मिनिटांत मुलांनी अफाट मावशीचं वजन, उंची आणि तिच्या चपलेचं माप ठरवून टाकलं. एकाही नावात 'नेहमी खरे बोलावे' किंवा 'आळसाचे फळ' नाही. आपण मोठी माणसं मुलांना गोष्ट देतो ती औषधासारखी, कडू गोळीवर साखर लावून. मतकरींनी साखर दिली ती साखर म्हणूनच. मला विचाराल तर त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. मुलाला त्यांनी पूर्ण प्रेक्षक मानलं. मुलाची भीतीही खरी मानली आणि त्याचं हसूही.

कदाचित म्हणूनच मोठ्यांना घाबरवायलाही त्यांना जमलं. त्यांच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिका ज्यांनी टीव्हीवर पाहिली आहे ते समजतील. त्याच हाताने त्यांनी महाभारताच्या शेवटावरचं 'आरण्यक' लिहिलं, गावातल्या दलितांवरच्या अत्याचाराचं 'लोककथा '78' लिहिलं, आणि बालवाडीची चळवळ उभी करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्यावर 'घर तिघांचं हवं' लिहिलं. नर्मदेच्या आंदोलनात, 'निर्भय बनो' मध्येही ते होते. त्यांची सगळी यादी इथे देत बसत नाही. मला परत चेटकिणीकडे यायचं आहे.

चिंची चेटकीण ही 'अलबत्या गलबत्या' मधली. गंमत अशी की रंगभूमीवर ती गाजवली पुरुषांनी. आधी दिलीप प्रभावळकरांनी, आणि 2018 साली हे नाटक चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. चांगला बापयामाणूस लांब नाक लावून, केस पिंजारून, किंचाळत रंगमंचावर येतो. पहिल्या रांगेतलं मूल आईच्या कुशीत शिरतं आणि पदराआडून बघत हसायला लागतं. त्याच 2018 साली साहित्य अकादमीने मतकरींना बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीसाठी बाल साहित्य पुरस्कार दिला. त्यांची पहिली बालनाट्यं पाहिलेली मुलं तोवर आजी-आजोबा झाली होती.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "ठीक आहे. माणूस चांगला होता. पण माझं म्हणणं तू ऐकूनच घेतलं नाहीस."

आणि मग त्याने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो म्हणाला, "आपा, माझ्या दुकानात खेड्यातून माणसं येतात. कुणाचं मूल आजारी पडलं, कुणाची गाय आटली, तर ते काय बोलतात ते मी ऐकतो. अमकीने केलं, तमकीची नजर. आपल्या या भागात बाईला चेटकीण ठरवून मारतात. म्हातारीला खांबाला बांधतात. आणि तुम्ही शाळेत चेटकीण नाचवता. माझी मुलगी मोठी होईल. उद्या कुणी गमतीत तिला त्या नावाने हाक मारली आणि ते नाव चिकटलं, तर?"

हे खरं आहे, आणि आमच्यापासून लांबचं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं होतं. पेपरात फोटो आले होते. जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा होऊन आठ वर्षं झाली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा केला. कायदा पुस्तकात आला. गावातल्या तोंडी मात्र तो शब्द अजून तसाच आहे.

मी शाळेत बसून 'कल्पनाशक्ती' वगैरे बोलत होते आणि माझा भाऊ हातात पाना घेऊन याचा विचार करत होता. मला जरा शरमल्यासारखं झालं.

दोन दिवस मी यावर विचार केला. नाटक सोडून द्यावं असंही वाटलं. मग मतकरींच्या शेवटच्या वर्षांतलं एक काम आठवलं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, 2014 च्या सुमारास, त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. झोपडपट्टीतली मुलं-मुली. त्यांना तयार संहिता दिली नाही. तुमच्या वस्तीत काय चाललंय त्यावर तुम्हीच नाटक बसवा, असं काम. ज्या माणसाच्या राक्षसांवर मुंबईची सुखवस्तू मुलं टाळ्या वाजवत होती, तो उतारवयात त्या मुलांकडे गेला ज्यांच्या आसपास राक्षस कागदाचे नव्हते. पाणी, दारू, घर तुटणं, शाळा सुटणं.

मी भाचीच्या बाईंना जाऊन भेटले. त्या समंजस आहेत. म्हटलं, प्रवेश करा, पण त्याआधी मुलांशी एक तास बोलू. त्यांनी तास दिला. मी मुलांना विचारलं, खरी चेटकीण कुणी पाहिली आहे का? तीन हात वर आले. एका मुलाने त्याच्या मामाच्या गावातल्या एका म्हातारीचं सांगितलं. एकटी राहते, मुलं तिच्या अंगणात चेंडू गेला तर आणायला जात नाहीत. माझ्या भाचीने विचारलं, "तिचं नाक लांब आहे का?" तो म्हणाला, नाही. "मग हसते मोठ्याने?" नाही, ती बोलतच नाही. "मग तिच्याकडे काय आहे चेटकिणीसारखं?" मुलगा बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "तिच्याकडे कोणीच नाही."

वर्ग एकदम शांत झाला. मी त्यावर काही बोलले नाही, घंटा व्हायची वाट पाहिली.

ही गोष्ट मी घरी आल्यावर भावाला सांगितली. तो 'हो' म्हणाला नाही. म्हणाला, "तालीम कधी असते?"

आमच्या झाडीपट्टीला नाटक नवीन नाही, हेही इथे सांगायला हवं. धान घरात आलं की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, कुठे शंकरपट, आणि रात्रभर नाटक. लोक चादरी घेऊन बसतात आणि पहाटे थेट शेतावर जातात. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भावाच्या दुकानातही चहा वाटला गेला होता. अब्बांनी आम्हाला अशी नाटकं दाखवली आहेत, सायकलच्या पुढच्या दांडीवर एक आणि कॅरिअरवर एक बसवून. पण त्या मांडवात खास मुलांसाठी असं नाटक मी तरी पाहिलेलं नाही. मुंबईची बालनाट्यं विदर्भ एक्स्प्रेसने इथवर येत नाहीत. आमची मुलं ती मोबाईलवर बघतात, तीही अर्धवट, रेंज असेल तेवढी. म्हणून चार पानांची झेरॉक्स का होईना, तिचं मोल मला मोठं वाटतं.

आणि अगदी जवळच्या माणसाचं नाव राहूनच जाईल. नागपूरचे वकील नजीब उर्दूत मुलांसाठी लिहितात. 'मेहरबान जिन' या त्यांच्या कादंबरीला 2016 चा साहित्य अकादमीचा उर्दूतला बाल साहित्य पुरस्कार मिळाला. मतकरींना मिळाला तोच पुरस्कार, त्यांच्या दोन वर्षं आधी, आणि आमच्या शेजारच्या शहरात. किती घरांत हे पुस्तक आहे? आमच्याही घरात नव्हतं. आपण म्हणतो, मुलं वाचत नाहीत. आता ते मागवायला सांगितलं आहे. अम्मींना उर्दू येतं, भाचीला अक्षरं लावून वाचता येतं. दोघी मिळून वाचतील.

मतकरी गेले ते 2020 च्या मे महिन्यात, करोनाने, मुंबईत. वय 81. नाट्यगृहांना कुलपं होती. आमच्याकडे तेव्हा देवरीच्या महामार्गावरून मजूर पोरंबाळं घेऊन छत्तीसगडकडे चालत होते आणि आम्ही वस्तीतल्या बायका पोळ्या लाटत होतो. त्या गडबडीत ही बातमी मी कधी वाचली आणि कधी विसरले ते कळलंही नाही. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं घरात कोंडलेली होती, त्यांना तेव्हा अफाट मावशीची सर्वांत जास्त गरज होती.

परवा तालीम होती. भाऊ गेला. मागच्या बाकावर बसला, मुलांच्या बाकात गुडघे अडकवून. भाचीने पहिलं वाक्य विसरलं, दुसरं बरोबर म्हटलं, आणि मग ती हसली. मी सांगितलं ना, तिचं हसणं. पहिलीच्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा झाली. दोन रडली, बाकीची 'पुन्हा, पुन्हा' करायला लागली.

अडचण फक्त नाकाची झाली. पुठ्ठ्याचं नाक घामाने मऊ व्हायचं आणि ऐन हसण्यात गळून पडायचं. घरी येताना भाऊ काही बोलला नाही. रात्री जेवण झाल्यावर दुकानातून आणलेली जुनी ट्यूब घेऊन बसला. कात्रीने कापली, आत कापूस भरला, बारीक टाके घातले, दोन्ही बाजूंना भोकं पाडून इलॅस्टिक ओवलं. मग मुलीला समोर उभं करून माप घेतलं.

"टोचतंय का?"

"नाही अब्बू. पण थोडं वाकडं आहे."

"चेटकिणीचं सरळ असतं का?" तो म्हणाला, आणि इलॅस्टिकची गाठ थोडी सैल केली.